इंग्लंडमधील जुन्या घरात गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवण्यासाठी सरकारी अनुदान घ्यावे का?

आपले घर 1930 च्या दशकातले आहे, बॉयलर शेवटच्या घटका मोजतो आहे, आणि साडेसात हजार पौंड मिळतात म्हणून हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) घ्यावा की मुकाट्याने नवा बॉयलर बसवावा, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की घ्यावा, पण साडेसात हजारांसाठी नव्हे. घर नीट मोजणारा माणूस मिळाला तर घ्यावा, नाही तर अनुदान पंधरा हजारांचे असले तरी त्या वाटेला जाऊ नये. हेच वाक्य मी माझ्या साडूंना अनेकदा ऐकवले आहे, आणि त्यांना ते अजून पटलेले नाही.

साडूंचे म्हणणे असे की अनुदान ही कंपन्यांची चांदी आहे. हे अनुदान देणारी बॉयलर अपग्रेड स्कीम 2022 मध्ये सुरू झाली, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपासाठी 5,000 आणि जमिनीतून घेणाऱ्या पंपासाठी 6,000 पौंड मिळत असत; ऑक्टोबर 2023 पासून दोन्हींना 7,500 मिळू लागले, तेव्हा किमतीही तेवढ्याच फुगल्या असणार, असा त्यांचा हिशेब. त्याआधीची ग्रीन होम्स ग्रँट ही घरांची ऊर्जा वाचवण्याची योजना सरकारने 2020 च्या सप्टेंबरात आणली आणि पुढच्या मार्चमध्ये गुंडाळली, याचाही दाखला ते देतात, आणि तो खरा आहे. परंतु आमच्या एकाच घरासाठी आलेल्या दरपत्रकांत जो फरक होता, तो अनुदानात झालेल्या वाढीपेक्षा मोठा होता. म्हणजे पैसे वाचतात किंवा बुडतात ते कंपनी निवडताना, आणि त्याचा दोष योजनेच्या माथी मारणे मला मान्य नाही.

पहिल्या कंपनीने फोनवर खोल्यांची संख्या विचारली आणि संध्याकाळी 12 किलोवॉटच्या यंत्राचे दरपत्रक पाठवून दिले. दुसऱ्या, लहानशा कंपनीकडून आलेली तरुण अभियंता मात्र अख्खी सकाळ आमच्या घरात होती. तिने प्रत्येक खिडकी मोजली, पोटमाळ्यावर चढून उष्णता अडवणाऱ्या लोकरीच्या थराची जाडी पाहिली, दुहेरी भिंतींमधली पोकळी उष्णतारोधकाने भरलेली आहे याची खात्री करून घेतली आणि सोफ्यामागचा रेडिएटरसुद्धा मला सोफा सरकवायला लावून मोजला. साडू त्या दिवशी आमच्याकडेच होते. बॉयलर बसवताना कधी कोणी खिडक्या मोजल्या होत्या का, असे त्यांनी तिच्यासमोरच विचारले. नव्हत्या मोजल्या, आणि नेमकी तीच मेख आहे. कॉम्बी बॉयलर नळाला तत्क्षणी गरम पाणी देण्यासाठी 24 ते 30 किलोवॉटचा घेतात; एवढ्या ताकदीपुढे घराची सगळी वैगुण्ये झाकली जातात. तिच्या गणितानुसार बाहेर उणे 3 अंश असतानाही आमच्या घराची गरज 6 किलोवॉटच्या आत बसत होती. दुप्पट मोठे यंत्र घेतले असते तर ते सौम्य थंडीत सारखे चालू-बंद होत राहिले असते, कार्यक्षमता घसरली असती आणि जास्तीचे पैसे गेले असते ते वेगळेच.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरा वाद तिथून पेटला. कॉम्बीवाल्या घरात गरम पाण्याची टाकी नसते, हीट पंपाला ती लागते. पूर्वीच्या मालकाने जुनी टाकी काढल्यावर जिन्याच्या माथ्यावरचे कपाट रिकामे झाले होते आणि घरात आल्यापासून तेच आमचे देवघर होते. दुसरीकडे टाकी बसत नव्हती, म्हणून आम्ही देव खालच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीपाशी आणले. साडूंनी मिरजेला सासूबाईंना फोन करून कळवले की यांनी सरकारी पैशांसाठी देव हलवले. सासूबाईंनी मला एवढेच विचारले की पूजेला बसणाऱ्याचे तोंड पूर्वेला येते ना. येते म्हटल्यावर त्यांच्यापुरता विषय संपला. साडूंचा मात्र प्रत्येक सणाला नव्याने सुरू होतो.

त्यांचा दुसरा आक्षेप रेडिएटर कोमट लागतो हा. दिवाळीला आले, रेडिएटरवर तळवा ठेवला आणि निकाल देऊन टाकला. बॉयलर 65-70 अंशांचे पाणी थोडा वेळ फिरवतो, तर हीट पंप 40-45 अंशांचे पाणी तासन्‌तास फिरवत राहतो; दूध मंद आचेवर आटवावे तसे हे काम आहे. म्हणूनच आमचे काही रेडिएटर मोठे करावे लागले. तपासायचे ते खोलीचे तापमान, आणि ते आमच्याकडे 20 अंशांखाली जात नाही. सासूबाई जानेवारीत येऊन राहिल्या, तेव्हा पहाटे पूजेला शाल न घेता बसत, कारण रात्री बॉयलर बंद ठेवल्यावर पहाटे जो गारठा पडायचा तो आता पडत नाही. ही साक्ष साडूंनी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

बिलाबद्दल मात्र कोणी छातीठोकपणे बोलू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. इथे विजेचे युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग राहिले आहे. बॉयलरची कार्यक्षमता 85 ते 90 टक्के धरली, तर हीट पंपाने एका युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता दिली तरच बरोबरी होते. ब्रिटनमध्ये 742 घरांत झालेल्या सरकारी प्रयोगात हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा मध्यम आकडा 2.8 च्या आसपास आला, म्हणजे नुसते यंत्र बसवून बचत होत नाही. पाण्याचे तापमान जितके खाली राखता येईल तितका हा आकडा वर जातो, आणि हीट पंपासाठीचे वेगळे वीजदर घेतल्यास आणखी फरक पडतो. स्वयंपाकाची शेगडी गॅसवर ठेवायला योजनेची हरकत नाही, पण मग गॅसजोडणीचा रोजचा सुमारे 30 पेन्स आकार, म्हणजे वर्षाला शंभर पौंडांहून अधिक, भरत राहावा लागतो. आम्ही गॅस तोडला. फुलके आता इंडक्शनवर तव्यातच कापडाने दाबून फुगवतो; भाकरीचे तितकेसे जमत नाही, हे कबूल.

अर्ज आपण करायचा नसतो. एमसीएस या प्रमाणन योजनेत नोंदलेली कंपनी तो ऑफजेमकडे, म्हणजे वीज-गॅस नियामकाकडे, करते, आपल्याला फक्त संमती द्यावी लागते, आणि अनुदान बिलातून वजा होते. आधी पूर्ण रक्कम भरा, अनुदान आले की परत करू, असे कोणी म्हणाल्यास त्याला दारातूनच निरोप द्यावा. उत्पन्नाची अट नाही. पोटमाळ्यात किंवा भिंतींत उष्णता अडवण्याचे काम आधी झालेलेच पाहिजे, ही अटही मे 2024 मध्ये गेली. तरी ते काम करून घ्यावे, कारण अट गेली म्हणून उष्णता बाहेर जायची थांबत नाही.

वरचे सारे पोकळी भरलेल्या भिंतींच्या घराला धरून लिहिले आहे. आपल्या भिंती एकसंध विटांच्या असतील तर रेडिएटरांचा आणि यंत्राचा खर्च वाढेल, आणि अशा घरांपुरते साडूंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, हे त्यांना न कळवता इथे नोंदवतो. फ्लॅट असेल तर इमारतीच्या मालकाची परवानगी लागू शकते. ही योजना इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये वेगळे अनुदान आणि त्याच्या जोडीला बिनव्याजी कर्ज मिळते. भिंती कशा आहेत आणि टाकीला जागा कुठे निघते, हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही. ते कळवल्यास आलेल्या दरपत्रकात काय तपासावे, ते सांगू शकेन.