तिकीट मागायच्या आधी एकदा पाड्यावर जाऊन ये

बेटा,

तुझा व्हॉट्सअॅपवरचा मोठ्ठा मेसेज दोनदा वाचला. फोनच करणार होतो पण फोनवर मी पटकन हो म्हणून बसतो आणि मग तुझी काकू ओरडते, म्हणून लिहितोय. विधानसभा लढवू का असं विचारतेस आणि खाली वाढदिवसाच्या बॅनरचा फोटोपण पाठवतेस, त्यावर 'भावी आमदार' छापलेलं, म्हणजे ठरलंच आहे की गं, तुझं नाही तर तुझ्या मागे फिरणाऱ्या पोरांचं तरी.

एक मात्र मानलं तुला. २०१७ ला महिला राखीव गटातून झेडपीवर गेलीस तेव्हा आम्ही सगळे पारावर म्हणायचो, सही हिची, कारभार मिस्टरांचा. पण मार्च २०२२ ला मुदत संपली, प्रशासक बसला, तुझ्याकडे ना निधी ना शिक्का, तरी केळीच्या पीकविम्याचे कागद घेऊन लोक तुझ्याच ओट्यावर येत राहिले. माझ्या ओट्यावर पद गेल्यावर कुत्रंपण फिरकलं नव्हतं.

पण ही सगळी माणसं तापीकाठची ना. रावेर मतदारसंघ म्हणजे नुसता केळीपट्टा नाही, वर सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासी आहेत, तडवींची गावं आहेत, पावरांचे पाडे आहेत, तिथे तुझं नाव किती घरात माहितीय?

माझं काय झालं ते तुला नीट कधी सांगितलं नाही. २००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि यावल नावाचा मतदारसंघच उरला नाही, काही गावं रावेरला गेली, काही चोपड्याला, आणि चोपडा तर अनुसूचित जमातींना राखीव झाला. ज्या गावांत मी दहा वर्षं लग्नं-मयती सोडली नव्हती त्यातली निम्मी एका झटक्यात पलीकडे. पक्षानं तिकीट दिलं नाही म्हणून रागारागात रावेरला अपक्ष उभा राहिलो, केळीच्या पाच हजार खोडांचा पैसा घातला, गाड्या फिरवल्या, ढोल वाजवले. मतदानाच्या दिवशी दुपारी जीप घेऊन एका पाड्यावर गेलो तर शाळेबाहेर सगळ्यांची टेबलं, छत्र्या, यादी घेऊन बसलेली पोरं, माझंच टेबल नाही. आत पोलिंग एजंट पण नाही. ज्याच्या हातात मी पैसे ठेवले होते तो दुसऱ्याच्या टेबलवर बसून पोहे खात होता, मला बघून उठला आणि म्हणतो, "या दादा, पोहे घ्या." आणि मी खाल्ले! काय करणार, सकाळपासून उपाशी होतो.

डिपॉझिट गेलं, एक षष्ठांश मतं पडली नाहीत की जप्त होतं. तेव्हा ५ हजार होतं, आता १० हजार आहे, त्याचं कुणाला दुःख नसतं. पण नंतर बूथवाइज आकडे काढले तर त्या पाड्यावर मला ३ मतं. आपला माणूस नाही, पत्रक नाही, मी आयुष्यात तिथे एकदाच गेलेलो तेपण मतदानाच्या दिवशी, मग ही तीन माणसं कोण? महिनाभर डोक्यात तेच.

तर हिशोब असा बघ. तुझ्या गटात तीसेक बूथ असतील, विधानसभेला तीनशेच्या वर. प्रत्येक ठिकाणी आत बसायला एक आणि बाहेर एक असा माणूस पाहिजे, जो सकाळी मॉक पोलच्या, म्हणजे मशीनच्या चाचणी मतदानाच्या आधी पोचेल आणि संध्याकाळी १७-सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या फॉर्मची कॉपी हातात घेतल्याशिवाय उठणार नाही. असे सहाशे लोक वहीत लिहून काढ. नाव आठवायला अडखळलीस की समज तिथे आपलं टेबल नाही. तिकीट मिळाल्यावर माणसं मिळतात असं तुला सांगतील, मिळतात ना, पोहे खाणारी.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, त्यासाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं, चहा-नाश्त्याचासुद्धा रेट ठरलेला असतो, निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यावा लागतो. खरा खर्च किती होतो ते तुला चहाच्या टपरीवर कोणीपण सांगेल, माझ्याकडून लिहून घेऊ नको.

महिला आरक्षणाच्या भरवशावर पण राहू नको. २०२३ ला कायदा झाला खरा पण करताना त्यात जनगणना आणि मग पुनर्रचना अशी अट टाकलीय. आणि पुनर्रचना काय करते ते वर वाचलंसच. प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि आरक्षण बिरक्षण काही नव्हतं, त्यामुळे बाई म्हणून कसं होईल हा प्रश्न तरी डोक्यातून काढ.

आत्ता घोषणा करू नको असं माझं मत आहे. ते बॅनर उतरव. पाड्यांवरचे वनहक्काचे दावे कुठे अडकलेत ते बघ, ग्रामसभेतून गेलेत की फैजपूरला प्रांत ऑफिसात पडलेत, दोन-चार फाईली स्वतः घेऊन त्या टेबलावर जाऊन बस. फोटो टाकू नको त्याचे. वर्षभराने परत विचार मला, तेव्हा कदाचित मीच तुझ्या गाडीत पुढे बसेन.

रविवारी ये, काकू भरीत करणारे, कळण्याची भाकरी पण. येताना हार-बुके नको, मतदार यादी आण, मिस्टरांना घरीच राहू दे, आणि त्या पाड्याच्या यादीचं पान वेगळं काढून ठेव, मला बघायचंय.

तुझा काका