सुट्टीत आलेल्या नातवंडांसोबत फाशांचे कोणते सोपे खेळ खेळता येतील?

तुम्ही लिहिलंय की पाच आणि नऊ वर्षांची दोन नातवंडं मे महिन्यात गावी येतात, लुडोला दोन दिवसांत कंटाळतात, आणि दोघांना एकत्र खेळता येईल असं काहीतरी हवं आहे. माझ्याकडे तीन येतात, दोन पुण्याहून आणि एक नागपूरहून. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. मे महिन्यात सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेववत नाही, पारा 45 च्या आसपास. कूलरसमोर सतरंजी टाकायची आणि ऊन उतरेपर्यंत लेकरं घरात धरून ठेवायची, हेच माझं दुपारचं काम. त्यामुळे तुमची अडचण मला चांगली कळते.

आधी एकच फासा घ्या. लुडोतलाच चालेल. सुपात तुरीचे दाणे ठेवायचे आणि प्रत्येकाला एक वाटी द्यायची. फाशावर 2 ते 6 पैकी जे पडेल तेवढे दाणे सुपातून आपल्या हातात घ्यायचे. मग वाटलं तर पुन्हा टाकायचं, नाहीतर "बस" म्हणून हातातले दाणे वाटीत ओतायचे. वाटीतले दाणे पक्के. पण टाकता टाकता 1 पडला की हातातलं सगळं परत सुपात, आणि पाळी दुसऱ्याची. ज्याच्या वाटीत आधी 50 होतील तो जिंकला. माझ्या नातीनं याचं नाव "हावरट" ठेवलं आहे.

पाच वर्षांच्या लेकराला बेरीज येत नसली तरी काही अडत नाही, दाणे मोजता आले म्हणजे झालं. आमच्या धाकट्याच्या मुठीत दाणे मावेनासे झाले, बोटांच्या फटीतून सतरंजीवर गळायला लागले, तरी "बस" म्हणेना. पडला 1. दोन दिवस असाच हारला. तिसऱ्या दिवशी सहा दाण्यांवरच "बस" म्हणाला आणि वाटीवर हात झाकून बसला. मोठीला मात्र मी हिशेब सांगितला. हातात 20 दाणे आहेत असं धर. पुढच्या फेकीत पाच आकडे तुझ्या बाजूचे, त्यांची बेरीज 2+3+4+5+6, म्हणजे 20. उरलेला 1 तुझे 20 घेऊन जाणार. म्हणजे 20 ला फायदा-तोटा बरोबरीत येतो, त्यापुढे टाकत राहणं म्हणजे निव्वळ हाव. तिनं वहीत मांडून पाहिलं तेव्हा कुठे पटलं.

दोन फासे असतील तर शंकरपट लावा. आमच्या भागात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, नावानंच पोट्टे उठून बसतात. फरशीवर खडूनं शेजारी शेजारी पट्ट्या आखायच्या, त्यांना 1 ते 12 आकडे द्यायचे, प्रत्येकीच्या तोंडाशी एक सरकी ठेवायची. ती बैलजोडी. दोन फाशांची बेरीज येईल ती जोडी एक घर पुढे. प्रत्येकानं आधी आपली जोडी निवडायची. लहानगा 12 धरतो, कारण तो सगळ्यात मोठा! पण दोन फासे 36 तऱ्हांनी पडतात. त्यांत 7 सहा तऱ्हांनी येतो आणि 12 फक्त एका, दोन्हीकडे सहा पडले तरच. हे सांगून टाकू नका, त्यांचं त्यांना दिसू द्या. आणि 1 ची पट्टी मी मुद्दाम आखते. ती जोडी जागची हलत का नाही, हे कोण आधी ओळखतं ते बघायचं.

आता खरा खेळ, अष्टाचंगा. कुठे त्याला चल्लस-आठ म्हणतात. याला फासा लागतच नाही, चार चिचोके लागतात. दुपारचा अर्धा वेळ तर चिचोके करण्यातच जातो. चिचोक्याची एक बाजू ओल्या दगडावर घासायची, तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत. घासताना तो तापतो. आमच्या लहानपणी भाऊ कोरडाच घासून पाठीमागून दंडाला चटका द्यायचा. मी हे नातवंडांना सांगायला नको होतं.

फरशीवर पाच बाय पाच घरं आखा. मधल्या घरात आणि चारही बाजूंच्या मधोमधच्या घरात फुली मारा. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे, सागरगोटे, काहीही. नियमानं चार असतात, लहानांना दोनच द्या म्हणजे डाव लवकर संपतो. चिचोके टाकले की जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे तर 4, सगळे तपकिरी तर 8, आणि या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. बाहेरच्या रांगेनं उजवीकडून फिरायचं, पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही. आत गेल्यावर उलट दिशेनं फिरून मधल्या घरात पोचायचं. दान सगळ्यात जास्त वेळा 2 चं पडतं. आमच्याकडे एक चिचोका जाडा आहे, तो नेहमी पालथाच पडतो. त्याला बदलू म्हटलं तर तिघंही नाही म्हणतात.

माझ्या सासूबाईंना फासे घरात चालायचे नाहीत. नळराजाचं राज्य फाशांपायी गेलं, म्हणायच्या. आणि दमयंती तर आमच्याच विदर्भाची. वर्धा नदीपलीकडचं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, तेच दमयंतीच्या वडिलांची राजधानी, जुनं कुंडिनपूर मानतात. दिवे गेले की मी नातवंडांना तीच गोष्ट सांगते. राज्य गेलेला नळ ज्याचा सारथी झालेला असतो तो ऋतुपर्ण राजा रथातून विदर्भाकडे येताना वाटेतल्या बेहड्याची पानं-फळं एका नजरेत मोजतो, आणि नळाला फाशांचं गुपित देऊन त्याच्याकडून घोड्यांची विद्या घेतो. फार पूर्वी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, हे ऐकल्यावर नातू त्रिफळ्याची डबी हुंगायला गेला. पैसे लावून मात्र खेळू देऊ नका. शेंगदाणे लावा, हारलेलेही खाता येतात.

मुद्दाम हारू नका. हावरट आणि शंकरपटात ते फारसं जमतही नाही, पण अष्टाचंगात कोणती सोंगटी हलवायची ते आपल्या हातात असतं. परवाच्या सुट्टीत धाकट्याची सोंगटी माझ्यापुढे दोन घरांवर होती, मला दान 2 चं पडलं, आणि मी दुसरीच सोंगटी सरकवली. मोठी लगेच, "आजी, तू त्याला मुद्दाम सोडलंस." धाकट्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चाल परत घेतली आणि मारली त्याची सोंगटी. तो रडत बाजेखाली जाऊन पडला. आम्ही दोघी खेळत राहिलो. थोड्या वेळानं बाजेखालून आवाज आला, "माझी पाळी आली का?"

फासा वाटीत हलवून सतरंजीवरच टाकायला लावा, नाहीतर सगळी दुपार कपाटाखाली झाडू घालण्यात जाईल.