नायिकेचा राग येतोय? मग तिची उलटतपासणी घ्या

प्रश्न: पॉला हॉकिन्स यांची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ मी दोनदा सुरू केली, दोनदा सोडली. खापरीहून बर्डीला मेट्रोने जाता-येता वाचते. रेचल सतत पिते, नोकरी गेल्याचं लपवायला रोज गाडीने लंडनला जाते, माजी नवऱ्याला रात्री-अपरात्री फोन करते. इतका राग येतो की पुढे वाचवत नाही. त्यात दुसरी निवेदिका मेगन, तिच्या प्रकरणांची सांगड लागत नाही. भिशीतल्या सगळ्या जणींना पुस्तक आवडलं. माझंच काय चुकतंय?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: सांगड आधी लावून घ्या; निम्मी चिडचिड त्यातूनच येते. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर नाव आहे, त्याखाली तारीख आणि सकाळ की संध्याकाळ. मेट्रोत चढता-उतरता नेमकी हीच ओळ सुटते. रेचल सुरू होते ५ जुलै २०१३ला, मेगन १६ मे २०१२ला. म्हणजे मेगन जवळजवळ चौदा महिने मागे आहे आणि प्रकरणागणिक रेचलच्या जवळ येते. हे अंतर मिटत जाण्यातच कादंबरीचा सगळा ताण आहे.

पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: रेचल, मेगन आणि पुढे येणारी ॲना. प्रकरण संपलं की तारीख आणि एकच ओळ लिहायची. जास्त लिहिलं की त्याचा अभ्यास होतो आणि चार दिवसांत सुटतो. पहिली पन्नासेक पानं मात्र मेट्रोत नकोत. रविवारी दुपारी घरी, एका बैठकीत वाचा. दोघींचे आवाज एकदा कानात बसले की पुढे तुकड्या-तुकड्यांनी वाचलं तरी बिघडत नाही. स्टेशन आल्याने मध्येच तुटलं, तर पुढच्या वेळी त्या तारखेपासून परत सुरू करा.

आता रेचल. ती आवडलीच पाहिजे हा आग्रह सोडा. ती साक्षीदार आहे, आणि तिचा दोष काढून टाकला तर रहस्यच उरत नाही. एका शनिवारची रात्र तिला आठवत नाही आणि त्याच रात्री एक बाई बेपत्ता होते. दारूने स्मरणात पडणारी भगदाडं दोन प्रकारची असतात. कधी आठवण तुटक साठते. मग एखादी जागा, वास, आवाज मिळाला की तुकडे परत येतात. फारच प्यायली असेल तर मेंदूत ती साठतच नाही, मग कितीही डोकं खाजवलं तरी सापडायची नाही. म्हणून तिला काही ‘आठवलं’ की समासात पेन्सिलीने एक अक्षर टाका: स्वतः पाहिलं तर ‘पा’, दुसऱ्याने सांगितलं तर ‘सां’, मनाने जोडलं तर ‘जो’. पुस्तक वाचनालयाचं असेल तर हेही कागदावर, पान क्रमांकासह.

सुरुवातीलाच करून बघा. सकाळी ८.०४ची गाडी सिग्नलला थांबते, खिडकीतून एक जोडपं दिसतं. जोडपं दिसतं, हे ‘पा’. त्यांची नावं जेस आणि जेसन, दोघं सुखात आहेत, हे सगळं ‘जो’. नावंसुद्धा तिनेच ठेवलेली! आणि रोजची गाडी म्हणजे नोकरी असणारच, हे ‘जो’ आपलं स्वतःचं. असं वाचू लागलात की रागाच्या जागी संशय येतो, आणि संशय आला की पुस्तक खाली ठेववत नाही.

प्रश्न: अशा कादंबऱ्यांनी झोप उडते. शेवट आधी वाचला तर चालेल?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: चालेल, पण त्याआधी एक सोपा उपाय करा. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना फक्त तुम्हाला सोसत नाही तेवढंच विचारा: घरातली मारहाण आहे का, लहान मुलाचा मृत्यू आहे का. गुन्हेगाराचं नाव न फोडता एवढं सांगता येतं. वरच्या कादंबरीत दोन्ही आहे, तेव्हा ती दिवसाउजेडीच वाचा.