आधी मेडिकल, मग फी

प्रिय बेटा,

काल तुझ्या आईचा फोन आला. फ्लोरिडाच्या विमान शिकवणाऱ्या शाळेचं पत्र आलंय आणि केळीचे पैसे हातात आले की पहिला हप्ता भरून टाकू म्हणत होती. मीच तिला थांबवलंय. माझ्यावर रागावू नकोस.

तुला परत येऊन इथल्याच कंपनीत उडायचंय. मग तिकडचं लायसन्स इथल्यात बदलून घ्यावं लागेल, आणि त्याला डीजीसीएचं, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान खात्याचं, क्लास 1 मेडिकल लागतंच, म्हणजे कंपनीत उडणाऱ्या वैमानिकाची वैद्यकीय तपासणी. तिकडच्या डॉक्टरनं पास केलं, हे इथं चालत नाही. म्हणून आधी क्लास 2, म्हणजे त्याच्या खालची तपासणी, मग क्लास 1, आणि ते हातात आल्यावर हप्ता. नंदुरबारकडच्या एका मुलाला रंगांधळेपणा आहे हे पैसे भरल्यावर कळलं. मिरच्या तोडताना हिरव्यात लाल शोधायला त्याला वेळ लागायचा आणि घरचे त्याला आळशी म्हणायचे!

आता अमेरिकेतलं क्लास 1. तपासणीपेक्षा फॉर्म मोठा असतो. तो मेडएक्सप्रेस या तिकडच्या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा, त्याचा नंबर डॉक्टरला द्यायचा, आणि भरल्यापासून 60 दिवसांत तपासणी करून घ्यायची. त्यात 18 नंबरचा प्रश्न आहे: आयुष्यात कधीही अमुक अमुक झालंय का? 'कधीही' म्हणजे कधीही. लहानपणी तापात आलेला झटका, दमा, डोक्याला लागून आलेली बेशुद्धी, दवाखान्यात काढलेली रात्र, सगळं लिहायचं. पुढच्याच प्रश्नात गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या डॉक्टरकडे गेलीस तेही विचारतात. आपल्याकडे 'कशाला सांगायचं, जुनी गोष्ट' म्हणायची सवय आहे. ती इथंच सोडून जा. खोटं लिहिल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, असं त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. आणि खरं लिहिलं म्हणून लगेच नापास करत नाहीत. बहुतेक वेळा जुने कागद मागतात. ते शोधून इंग्रजीत करून घे.

गोळ्यांचंही तेच. धुळीच्या सर्दीवर आपण सेटिरिझिन शेंगदाण्यासारखी खातो. तिनं झोप येते, म्हणून ती घेऊन उडायला तिकडे मनाई आहे. वैद्यांची चूर्णंसुद्धा लिहायची.

प्रत्यक्ष तपासणी मात्र साधी. दूरचं दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं 20/20 दिसायला हवं, चष्म्यासकट चालतं. फक्त चष्मा घरी विसरू नकोस. रंगांची चाचणी 2025 पासून नव्या उमेदवारांना कॉम्प्युटरवर द्यावी लागते, त्यामुळे ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे पाठ करून काही उपयोग नाही. लघवीत साखर आणि प्रथिनं बघतात. ईसीजी 35 वर्षांपर्यंत नाही. युरोपात मात्र पहिल्याच क्लास 1 ला ईसीजी असतो, आणि खोलीत बसवून कान मशीनवर तपासतात.

माझ्या मेडिकलच्या वेळी डॉक्टरांनी मला पाठमोरं उभं केलं आणि 6 फुटांवरून साध्या आवाजात काहीतरी विचारलं. ऐकू सगळं आलं, उच्चार कळेना! तोंडातून 'व माय' निघून गेलं. ते हसले, पुन्हा हळू बोलले. मग बीपी घेतलं तर वरचा आकडा 160 च्या पुढे. मर्यादा 155/95 ची. उपाशीपोटी दोन कप काळी कॉफी आणि भीती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी मला पंधरा मिनिटं खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं, आणि परत पट्टा बांधला तेव्हा 132. तेव्हा तू आदल्या रात्री झोप, नाश्ता कर, कॉफी राहू दे. आणि पुरुष डॉक्टर असेल तर सोबत महिला कर्मचारी हवी म्हणून सरळ सांग, त्यात लाजायचं काही नाही.

क्लास 2 ची तारीख मिळाली की कळव. आणि 18 नंबरचा प्रश्न भरताना आईला शेजारी बसव. तुझी लहानपणीची आजारपणं तिला पाठ आहेत, तुला नाहीत.

तुझी
भुसावळची मावशी