टेस्टमध्ये १४ आले, मला डिप्रेशन आहे का?

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे, वाकडला पीजीमध्ये राहते, जॉब हिंजवडीत. हल्ली रात्री झोप लागत नाही मग मोबाईलवर पर्सनॅलिटी टेस्ट देत बसते. एकदा आयएनएफपी आलं, महिन्याभराने आयएनएफजे, खरं कुठलं धरू? आणि परवा नऊ प्रश्नांची डिप्रेशनची टेस्ट दिली तर १४ स्कोअर, खाली लिहिलेलं मॉडरेट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली काही झालेलं नाही तुला, मोबाईल ठेव बाजूला. पण माझ्या डोक्यातून तो आकडा जातच नाहीये.

उत्तर : अगं, आधी १४ चं बोलू, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. तू दिलेली टेस्ट पीएचक्यू-९ दिसतेय. ती चांगली टेस्ट आहे, डॉक्टरही वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत काय काय त्रास झाला ते विचारतात, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क, एकूण २७. स्कोअर दहा किंवा त्याच्या वर गेला की नीट तपासून घ्यावं असं साधारण धरतात. पण थर्मामीटरवर ताप दिसला म्हणून तो कशाचा ते कळत नाही ना, तसंच हे आहे. झोप न लागणं, थकवा, कशात लक्ष नसणं हे थायरॉइडने होतं, रक्त कमी असलं तरी होतं, शिफ्ट सतत बदलत असली तरी होतं, आणि डिप्रेशननेही होतं. ते शोधायचं काम डॉक्टरांचं. त्यामुळे घाबरू नकोस, पण सोडूनही देऊ नकोस, ह्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घे.

जाताना नुसता आकडा नको नेऊस, उत्तरं घेऊन जा. कुठल्या प्रश्नाला तीन दिलेस, कुठल्या प्रश्नापाशी बोट थांबलं, ते बघ. शेवटी एक बिनमार्कांचा प्रश्न असतो, ह्या त्रासामुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड झालंय असा. बरेच जण तो बघतही नाहीत, पण मला सगळ्यात जास्त सांगून जाणारा तोच वाटतो. आणि नववा प्रश्न, जगणं नको वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. त्याला शून्य सोडून काहीही दिलं असशील तर एकूण स्कोअर किती ते विसर आणि आजच कोणाशी तरी बोल. टेलि-मानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणि आईला स्कोअर सांगून तिला काय कळणार गं, त्यापेक्षा जे होतं ते सांग, म्हणजे रोज रात्री झोप लागत नाही नि पहाटेपर्यंत छातीत धडधडत पडून असते, असं काही होत असेल तर तसं. हे आईला कळतं.

आता ती चार अक्षरं, आयएनएफपी नि आयएनएफजे. कार्ल युंग ह्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये मांडलेल्या विचारांवरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स ह्या मायलेकींनी ती १६ प्रकारांची टेस्ट बनवली, मोबाईलवरच्या फुकट टेस्ट बहुतेक तिच्याच धर्तीवर असतात. त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे स्वभावाच्या दोन टोकांपैकी एक, जसं इंट्रोव्हर्ट की एक्स्ट्रोव्हर्ट. गडबड अशी आहे की माणसं दोन टोकांना नसतात, बहुतेक जण मध्ये कुठेतरी असतात, आणि टेस्ट मध्यावर रेघ मारते. तू रेघेजवळ असलीस तर एका उत्तराने पी चा जे होतो. तू बदलली नाहीस, रेघेच्या ह्या बाजूची त्या बाजूला गेलीस एवढंच. संशोधक जास्त करून बिग फाइव्ह, म्हणजे स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजणारी पद्धत, वापरतात, त्यात शिक्का नसतो, एखादा गुण किती प्रमाणात आहे तेवढं सांगतात.

मग वाचताना हे तर मीच असं का वाटतं? बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला "तुझा" रिपोर्ट दिला. मुलांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले, इतका तो पटला. सगळ्यांना रिपोर्ट एकच होता, तोही बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला!

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. क्लासवाल्यांनी टेस्ट घेतली, रिपोर्टमध्ये "इंट्रोव्हर्ट, लीडरशिप कमी" आलंय. कॉमर्स द्यावं की सायन्स? (एक वडील, सिंहगड रोड)

उत्तर : ह्या रिपोर्टवरून दोन्ही ठरवू नका. स्वभाव वेगळा, कल म्हणजे ॲप्टिट्यूड वेगळा, आवड वेगळी, आणि तुमच्या हातात फक्त स्वभावाचा कागद आहे. क्लासवाल्यांना विचारा की तुलना कुठल्या मुलांशी केलीत, आपल्याकडच्या की परदेशातल्या, आणि रिपोर्ट समोर बसून कोण समजावणार. नीट उत्तर नाही मिळालं तर सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीत कितीतरी वर्षं हे काम चालतं, तिथे चौकशी करा. आल्फ्रेड बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळांसाठी बुद्धीची चाचणी केली ती कुठल्या मुलाला मदत लागेल हे कळावं म्हणून, मूल कायमचं तसंच राहणार असं म्हणायला त्याचा स्वतःचाच विरोध होता. आणि प्लीज, पाहुण्यांसमोर "आमचा इंट्रोव्हर्ट आहे" म्हणू नका, पंधरा वर्षांचं पोर ते ऐकतं नि तसंच वागायला लागतं.

प्रश्न : मला टेस्ट वगैरे जमत नाही, वय ६१. पण हल्ली राग फार येतो, सुनेवर निघतो. घरच्या घरी काही करता येईल? (कोथरूडच्या एक आजी)

उत्तर : काकू, एक वही करा. राग आला की किती वाजले, आधी काय झालं, अंगात काय जाणवलं, तोंडातून काय गेलं, एवढंच लिहायचं, चूक कोणाची ते अजिबात नाही. आठवड्याने एकत्र वाचा. संध्याकाळी सातच्याच नोंदी जास्त निघाल्या तर आधी बघा, दुपारी जेवण किती वाजता झालं होतं, गुडघे दुखत होते का, दिवसभर कोणी बोलायला होतं का. बीपीची गोळी चालू असेल तर ती घेतल्याची वेळही त्याच वहीत लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना वही दाखवा.