केसांसाठी बायोटिन (एक बी-व्हिटॅमिन) सुरू आहे, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) अचानक ०.०५ म्हणजे खूप कमी आला. थायरॉइड वाढलं का?

त्रास काहीच नसेल तर आधी बायोटिनवरच संशय घ्या. बऱ्याच मशीनच्या टेस्टमध्ये बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) खोटा जास्त दिसतो, म्हणजे थायरॉइड वाढल्यासारखाच रिपोर्ट. शरीराला दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या गोळीत सर्रास १० मिलिग्रॅम! मी लॅबमध्येच काम करतो, फॉर्मवर ही गोळी कोणी लिहीतच नाही. नागपुरात धंतोलीतून उठून रामदासपेठेत टेस्ट केली तरी मशीन त्याच पद्धतीची असेल तर आकडा तसाच येणार. गोळी किमान दोन दिवस थांबवून पुन्हा रक्त द्या. मात्र धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असं काही असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची गोळी सुरू असल्यास या रिपोर्टवरून तिचा डोस स्वतः कमी करू नका.