मे महिन्यात इंटरलाकनला तीन रात्री आहोत. सोबत आई-बाबा (६६ आणि ७०, बाबांना बीपी). स्विस ट्रॅव्हल पास आहे. युंगफ्राउयोखला ट्रेनने एका दिवसात जाऊन यायचं तर दिवस कसा आखावा?

आधी एक गोष्ट करा. ‘मंगळवारी युंगफ्राउ’ असं कागदावर पक्कं लिहिलं असेल तर ते खोडा. तीन दिवसांपैकी कोणता, हे तुम्ही नाही, ढग ठरवणार. वर ढग असले तर तिथल्या स्फिंक्स वेधशाळेच्या गच्चीवरून पांढऱ्या पडद्याखेरीज काहीही दिसत नाही आणि त्यासाठी परतीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण भाड्याचं परतीचं तिकीट इंटरलाकनहून २०० फ्रँकच्या वर जातं. म्हणजे चुकीचा दिवस निवडणं ही या सहलीतली सगळ्यात महाग चूक.

निवड अशी करा. आदल्या रात्री मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याच्या ॲपवर उंचावरचा अंदाज आणि वारा बघा. सकाळी उठल्याबरोबर युंगफ्राउ रेल्वेच्या संकेतस्थळावरचे थेट कॅमेरे बघा. बऱ्याच हॉटेलांत ते टीव्हीवरही दिसतात. खिडकीबाहेर बघून निर्णय घेऊ नका. इंटरलाकन ५६७ मीटरवर आहे आणि युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर. कधी खाली दरीत धुकं दाटलेलं असतं आणि वर लख्ख ऊन, कधी नेमकं उलट. मे ते ऑगस्ट दुपारी ढग चढण्याची शक्यता जास्त, कारण ऊन तापलं की दरीतली दमट हवा वर सरकते. म्हणून दिवस कोणताही निवडा, सकाळ सोडू नका.

तिकिटाचं गणित सोपं आहे. तुमचा पास वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड गावापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने वेंगन गावापर्यंत पूर्ण चालतो. तिथून वर २५ टक्के सवलत मिळते. म्हणून इंटरलाकनपासूनचं तिकीट काढू नका. ‘ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल ते युंगफ्राउयोख, परत वेंगनमार्गे’ असं मागा आणि पास दाखवा. परतीचा मार्ग वेगळा हवा हे तिकीट काढतानाच सांगायचं. शेवटच्या टप्प्यात आयगरग्लेचर स्टेशनाहून वर जाणाऱ्या गाडीत सीट आरक्षित करता येते, त्याचे थोडे फ्रँक वेगळे पडतात. मेमध्ये आपल्याकडच्या सुट्ट्यांमुळे भारतीय ग्रुप भरपूर असतात, आई-बाबा सोबत असताना हा खर्च वाचवू नका. आरक्षण आदल्या रात्री, अंदाज बघून करा. पहाटेच्या गाड्यांत तेव्हाही जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. दहा-अकराच्या गाड्यांवर मात्र टूरवाल्यांच्या झुंडी असतात.

आता प्रत्यक्ष दिवस. सातच्या सुमारास इंटरलाकन ओस्ट स्टेशनावर हजर राहा. ओस्ट म्हणजे पूर्व. वेस्ट स्टेशनावर उभे राहिलात तर ही गाडी तिथे येतच नाही. गाड्या दर अर्ध्या तासाला असतात आणि इथे मोठा फसवा प्रकार आहे: एकाच गाडीचे दोन भाग त्स्वायल्युचिनेनला वेगळे होतात, एक ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. फलाटावरची पाटी आणि डब्यातला पडदा, दोन्ही वाचून बसा. चुकीच्या भागात बसलात तर दुसऱ्याच दरीत पोचाल.

अर्ध्या तासात ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल येतं. ग्रिंडेलवाल्ड गावाच्या स्टेशनाआधीचं हे स्टेशन आहे, इथेच उतरा. समोरच आयगर एक्सप्रेस हा रोपवे. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला, २६ सीटच्या केबिन, १५ मिनिटांत २३२० मीटरवरच्या आयगरग्लेचरला. वर जाताना सुमारे १८०० मीटर उंचीची आयगर शिखराची उत्तर भिंत अगदी अंगावर येते. १९३८ साली चौघांनी ती पहिल्यांदा चढून दाखवली. तुम्ही तिच्या पोटातून जाणार आहात.

आयगरग्लेचरला गाडी बदलायची. पुढचं जवळपास सगळं अंतर बोगदा आहे, सात किलोमीटरहून थोडा जास्त. ‘गाडीतून हिमशिखरं दिसतील’ म्हणून खिडकीसाठी भांडणाऱ्यांना अंधार दिसतो. अपवाद बोगद्यातल्या आइसमेअर स्टेशनाचा. तिथे गाडी सुमारे पाच मिनिटं थांबते, काचेतून हिमनदी बघायची आणि परत बसायचं. तिथे स्वच्छतागृह आहे, पण पाच मिनिटांत सगळ्या गाडीचीच रांग लागते. आयगरग्लेचरलाच उरकून घ्या. १८९६ साली सुरू झालेलं या रेल्वेचं काम १९१२ च्या १ ऑगस्टला पूर्ण झालं. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते, गाडीखालचं दातेरी चाक तिला धरून चढतं, म्हणून वेग कमी.

इंटरलाकनहून निघून साधारण दीड तासात वर पोचता. शिखर मात्र हे नव्हे. ‘योख’ म्हणजे जू. युंगफ्राउ (४१५८ मीटर) आणि म्योंख या दोन शिखरांच्या मधली खिंड, बैलांच्या मानेवर ठेवल्यासारखी. आपलं ‘जू’ आणि त्यांचं ‘योख’ एकाच घराण्यातले शब्द आहेत.

वर गेल्यावर क्रम बदला, बहुतेक लोक उलटं करतात. खुणांच्या मागे जात हिमनदीत कोरलेल्या बर्फाच्या महालात शिरतात आणि बाहेर पडेपर्यंत ढग आलेले असतात. तुम्ही आधी लिफ्टने स्फिंक्सला जा (३५७१ मीटर), मग बाहेर बर्फाच्या पठारावर, आणि आतली दालनं शेवटी. आलेच हिमनदी २० किलोमीटरच्या आसपास लांब आहे, ती गच्चीवरून नीट दिसते. बर्फाच्या महालाचं तापमान उणे तीनच्या आसपास ठेवतात आणि जमीन गुळगुळीत असते. बाबांनी कठड्याला धरून चालावं किंवा तो भाग सोडावा. बाहेर खुणा केलेल्या वाटेच्या पलीकडे फोटोसाठीही जाऊ नका. सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली हिमनदीच्या भेगा असतात.

उंचीचं नीट समजून घ्या. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी ३२९२ मीटर होतात, हे त्याहून उंच आहे. जवळपास लेहइतकं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे श्वासागणिक ऑक्सिजनही तेवढाच. लेहला उतरल्यावर दिवसभर पडून राहायला सांगतात आणि इथे तर दीड तासात चढतो. तरी बहुतेकांचं निभतं, कारण उंचीचा खरा आजार सहसा काही तासांनी डोकं वर काढतो आणि आपण त्याआधी खाली येतो. म्हणून वरचा मुक्काम अडीच तासांत आटपा. लगेच जाणवणारी गोष्ट म्हणजे गाडीतून उतरल्यावर चार पावलांत लागणारी धाप आणि गरगरणं. जिने हळू चढा, मध्ये बसा, पाणी पीत राहा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर उपाय एकच, पुढची गाडी पकडून खाली. बाबांनी सकाळची गोळी चुकवू नये. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना ‘३४५० मीटर, दोन-तीन तास, थंडी’ असं नेमकं सांगून विचारा. हृदयाचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर मी न नेण्याच्या बाजूचा आहे. उंचीसाठीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

थंडी: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. इंटरलाकनला १८ असेल तर वर शून्याच्या आसपास, आणि गच्चीवर वारा त्याहून बोचरा. थर्मल, मग स्वेटर, वरून वारा अडवणारं जॅकेट. हातमोजे, कानटोपी, घट्ट तळाचे बूट. गॉगल आणि सनस्क्रीन हौस नव्हे. ताजा बर्फ बहुतांश अतिनील किरण परतवतो, उघडे डोळे काही तासांनी झोंबू लागू शकतात. साडी नेसणार असाल तर आत थर्मल लेगिंग घाला.

डबा न्या. ओस्ट स्टेशनासमोरच कोऑप या सुपरमार्केटचं मोठं दुकान आहे, दही, फळं, ब्रेड तिथून घ्या. वरच्या उपाहारगृहांचे भाव बघून भूक मरते. चिवड्याची पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी फुगतात, घाबरू नका, पण पिशवीत दाबून भरू नका.

उतरताना रोपवे नको. गाडीने थेट क्लाइन शायडेगला (२०६१ मीटर) या, तिथे तासभर थांबा, जेवा. आई-बाबांना इथे मोकळा श्वास मिळतो आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही समोर दिसतात. इथे गाडी बदलावीच लागते, कारण पुढच्या मार्गाचे रूळ ८०० मिलिमीटरचे, वरचे १००० मिलिमीटरचे. दोन दिशांना गाड्या उभ्या असतात. वेंगन-लाउटरब्रुनेनची पाटी वाचून बसा, नाहीतर परत ग्रिंडेलवाल्डला जाल. पाऊण तासात लाउटरब्रुनेन. जवळच २९७ मीटरचा श्टाउबाख धबधबा. तिथून इंटरलाकन वीस मिनिटं.

जोराचा दक्षिणी वारा, ज्याला तिकडे फ्यॉन म्हणतात, सुटला की आकाश निळं असूनही रोपवे बंद होऊ शकतो. शिवाय वसंतात आणि शरदात तो देखभालीसाठी काही दिवस बंद असतो. तसं असेल तर लाउटरब्रुनेन-वेंगन-क्लाइन शायडेग हा जुना मार्ग वर जायला धरा, वेळ पाऊण तासाने वाढेल.

आणि तिन्ही दिवस ढगाळ निघाले तर वर जाऊ नका. लाउटरब्रुनेनच्या दरीत ट्र्युमेलबाखला जा: आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी कोसळतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत लिफ्ट आहे, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांना विचारून घ्या.